आधी भिंत उघडी करा

तळघराला आतून वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं की लोक पहिल्यांदा विचारतात, कोणत्या कंपनीचा माल घ्यावा? माझ्या मते त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. या भिंतीवर आजवर काय काय चढवलं गेलं आहे? बालाघाटच्या बाजारात दुकानांखाली तळघरं आहेत. कुठे तांदळाची पोती असतात, कुठे कापडाचे गठ्ठे, कुठे औषधांची खोकी. या भिंतींना दर दोन-चार दिवाळ्यांनी नवा रंग मिळतो, कारण मागचा रंग पावसाळ्यात फुगलेला असतो. पेंटरही मोकळ्या मनाने सांगतो, "भाऊ, खरवडायचं काय काम? वरूनच दोन हात मारून देतो, पाच वर्षं पाहा लागत नाही." त्याच्या या एका वाक्यामुळे किती पैसे वाया जातात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. वरून दिलेला वॉटरप्रूफ थर कितीही भारी असला, तरी तो भिंतीला चिकटत नाही. तो जुन्या रंगाला चिकटतो. जुना रंग ज्या दिवशी भिंत सोडतो, त्या दिवशी नवा थरही त्याच्याबरोबर खाली येतो.

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. बालाघाट मध्य प्रदेशातल्या जास्त पावसाच्या जिल्ह्यांपैकी आहे. वैनगंगेचं खोरं, धानाची बांधबंदिस्ती, सातपुड्याचे उतार, आणि वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमिनीखाली मोठ्या भागात जुना कठीण खडक आहे. भूवैज्ञानिक ज्याला तिरोडी नीस म्हणतात, त्या खडकाचं नावच याच जिल्ह्यातल्या तिरोडी गावावरून पडलं आहे. असा खडक पाणी सहजी मुरू देत नाही. पाणी साठतं ते त्याच्यावरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि भेगांमध्ये. उन्हाळ्यात हा थर रिकामा होत जातो आणि पावसाळ्यात भरून वर येतो.

तळघरासाठी याच थरात खड्डा खणला जातो. भिंत उभी राहते आणि भिंत व खड्ड्याची कड यांच्यामध्ये राहिलेली फट उकरलेल्या मातीने बुजवतात. ही भरतीची माती भोवतालच्या मूळ जमिनीपेक्षा सैल असते. पाऊस पडला की पाणी तिच्यात झटकन उतरतं, आणि खाली-बाजूला कठीण मुरूम असल्याने तिथेच अडकतं. म्हणजे आपण तळघर बांधतो तेव्हा त्याच्याभोवती नकळत एक हौदही बांधलेला असतो. त्यात छपराचं पाणी आणणारा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच सोडलेला असला, तर विचारायलाच नको. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर दिवसभरात १०० मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी खाली येतं. ते भिंतीलगत ओतत राहायचं आणि आतून रसायन लावायचं, याला उपाय म्हणता येत नाही. तो पाइप लांब नेऊन नालीत सोडणं आणि इमारतीभोवती बाहेरच्या बाजूला उतार देणं हे काम रंग खरवडण्याच्याही आधीचं आहे, आणि सगळ्यात स्वस्त आहे.

खरं तर भिंतीला वॉटरप्रूफिंग बाहेरून करायला हवं, म्हणजे पाणी जिकडून येतं तिकडून. तिथे पाण्याचा दाब थराला भिंतीवर दाबून बसवतो. आपल्याकडे जुन्या पद्धतीत शहाबादी फरशा बाहेरून उभ्या करून मधल्या पोकळीत सिमेंटचा घोळ भरत, ज्याला बॉक्स टाइप वॉटरप्रूफिंग म्हणतात, त्यामागचा विचार हाच आहे. पण बाजारपेठेत शेजारच्याची भिंत आपल्या भिंतीला खेटून असते. बाहेरून खोदायला जागाच नसते. मग आतूनच इलाज करावा लागतो, आणि तिथे चित्र उलटं होतं: पाणी मागून येतं आणि आपल्या थराला भिंतीपासून दूर लोटतं.

हा रेटा किती? १ मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १ टन असतो. ३ मीटर खोल तळघराबाहेरची माती काठोकाठ भरली, तर भिंतीच्या पायथ्याशी दर चौरस मीटरला ३ टन, आणि १० मीटर लांबीच्या पूर्ण भिंतीवर मिळून ४५ टन. आकडा छाती दडपवणारा आहे खरा. पण अभियंत्याच्या मापात ३ मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मिलीमीटरला फक्त ०.०३ न्यूटन. कोरड्या, मजबूत काँक्रीटवर नीट बसलेला रंग ओढून काढायला याच्या कितीतरी पट जोर लागतो. मग तळघरातला रंग इतक्या सहज का सुटतो? कारण पाणी त्याला नुसतं ढकलत नाही. आधी ते रंगाची पकड सोडवून ठेवतं, आणि मग अगदी थोडा रेटाही पुरतो. ही पकड कशी सुटते ते समजलं की खरवडण्याला पर्याय का नाही तेही समजतं.

ऑइल पेंटचं उदाहरण घ्या. तळघरात तो लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण तो चकचकीत असतो, पुसता येतो, आणि पाणी त्याच्यावर थेंब होऊन घसरतं. ऑइल पेंटमधला बांधणारा घटक तेलापासून बनतो. काँक्रीटमध्ये सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेतून तयार झालेला चुना असतो, आणि त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं. त्याचा सामू १२.५ च्या वर असतो. तेल आणि अल्कली एकत्र आले की काय होतं हे साबणाच्या कारखान्यात रोज दिसतं. तेच भिंतीवर, रंगाच्या पाठीमागे, सावकाश घडत राहतं. याला साबणीकरण म्हणतात. अशा भिंतीवरचा एखादा फुगा नखाने फोडून पाहा. आत पिवळसर, चिकट, बोटाला बुळबुळीत लागणारं पाणी निघतं, आणि फुग्याच्या आतली बाजू मऊ पडून गोंदासारखी ताणली जाते. वरून पाहिलं तर रंग शाबूत वाटतो, चमकतोही. मागून तो साबण होऊन गेलेला असतो. अशा पृष्ठभागावर जगातलं सर्वोत्तम रसायन लावलं, तरी ते साबणावरच लावल्यासारखं होतं.

दुसरं कारण क्षार. जमिनीतले, विटांमधले, सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून भिंतीतून आत येतात. पाणी हवेत उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भिंतीवर पांढरी कापसासारखी लव धरते, तिला आपण लोणा म्हणतो. लोणा भिंतीच्या पृष्ठभागावर फुलला तर फारसं नुकसान होत नाही, ब्रशने झटकला की गेला. पण वर रंगाचा बंद थर असेल तर स्फटिक त्याच्या मागेच वाढतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार तर दमट, थंड हवेत पाणी शोषून घेतो आणि त्याचं आकारमान साधारण चौपट होतं. उन्हाळ्यात कोरडं, पावसाळ्यात ओलं, असं चक्र फिरत राहिलं की हे स्फटिक रंगच काय, गिलाव्याचा वरचा पापुद्राही उचलून टाकतात. शिवाय रंगाच्या मागे साचलेलं खारं पाणी आणखी पाणी आपल्याकडे ओढून घेतं. परासरणाची ही क्रिया शाळेत मनुका भिजवून दाखवतात. त्यातून निर्माण होणारा दाब कधीकधी बाहेरच्या भूजलाच्या दाबापेक्षाही मोठा ठरतो.

आता भिंतीवरच्या थरांकडे वळू. जुन्या तळघरात कडेचा एक तुकडा खरवडून पाहिला तर थरांवर थर दिसतात. सगळ्यांत खाली चुना, त्यावर डिस्टेंपर, मग केव्हातरी पुट्टी, प्लॅस्टिक पेंट, आणि शेवटी खालच्या तीन फुटांना ऑइल पेंटचा पट्टा. यातला प्रत्येक थर वेगळा वागतो. चुन्याची भुकटी हाताला लागते. तिच्यात ताकद नसते, पण ती तारेच्या ब्रशने आणि पाण्याने निघते. डिस्टेंपर गरम पाण्याने भिजवला की मऊ होतो आणि पट्टीने सोलला जातो. प्लॅस्टिक पेंट कोरडा घासण्यापेक्षा भिजवून पापुद्र्याने काढणं सोपं. ऑइल पेंट सगळ्यांत हट्टी. तो जिथे साबण झालेला असतो तिथे सहज सुटतो, आणि शेजारच्या कोरड्या जागी काँक्रीटमध्ये रुतून बसलेला असतो. सिमेंट पेंटची गोष्ट जरा निराळी. तो स्वतः सिमेंटच असल्याने काँक्रीटशी त्याचं जमतं. पक्का बसलेला, पाणी शोषणारा सिमेंट पेंट सिमेंटच्या काही लेपांखाली ठेवलेला चालतो. पण काँक्रीटच्या आत शिरून काम करणारं रसायन लावायचं असेल, तर तोही काढावाच लागतो.

पीओपीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. तळघराच्या बाहेरच्या भिंतीवर पीओपी नसावंच. ते जिप्सम आहे आणि पाण्यात थोडं थोडं विरघळतं. वर सिमेंटचा लेप दिला तर ओल्या अवस्थेत जिप्सम आणि सिमेंट यांची आपसात क्रिया होऊन फुगणारं संयुग तयार होतं. कोपऱ्यात, बीमखाली, विजेच्या पट्ट्यांलगत कुठेही पीओपी राहिलेलं दिसलं, तर ते मुळापासून काढावं.

खरवडण्याआधी तपासण्या कराव्यात. त्यांना पैसा लागत नाही. लहान हातोडीने भिंत ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा काँक्रीटपासून सुटलेला आहे, त्या जागेला खडूने गोल करा. भिंतीवर पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब तसाच टपोरा उभा राहिला तर वर रंगाचा बंद थर आहे, पसरून आत मुरला तर भिंत उघडी आहे. पेंट कोणता हे ओळखायचं असेल तर कापसाला स्पिरिट लावून चोळा. प्लॅस्टिक पेंट मऊ होऊन कापसाला लागतो, ऑइल पेंटवर फरक पडत नाही. पकड पाहण्यासाठी ब्लेडने रंगावर फुलीच्या आकाराची चीर काढा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. चिरेच्या कडांनी रंग पट्टीबरोबर आला तर पुढे चर्चा नको. मात्र पट्टीला काही लागलं नाही म्हणून रंग ठेवायचा, असाही निष्कर्ष काढू नका. मे महिन्यातली कोरडी भिंत या परीक्षेत पास होते आणि ऑगस्टमध्ये नापास होते.

आणखी एक तपासणी फार उपयोगाची आहे, पण बहुतेक ठिकाणी ती चुकीच्या जागी केली जाते. सुमारे ४५ सेंटीमीटर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीवर चिकटवायचा आणि किमान १६ तास तसाच ठेवायचा. नंतर काढून पाहायचं. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमलं असेल तर ती खोलीतल्या दमट हवेची करामत आहे. पावसाळ्यात तळघराचं दार उघडं ठेवलं की बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागते आणि भिंतीला घाम फुटतो. अशा घामावर कोणतंही वॉटरप्रूफिंग चालत नाही, तिथे पंखा आणि हवेचा मार्ग लागतो. ही परीक्षा रंगावर घेतली तर उत्तर खोटं येतं, कारण रंगच ओल अडवून धरतो. चौकोनापुरता रंग आधी खरवडा, काँक्रीट उघडं करा, आणि मग प्लॅस्टिक लावा.

खरवडणं कष्टाचं काम आहे. सैल भाग आधी रुंद पट्टीने काढायचा, नंतर तारेचा ब्रश. त्याने काम भागत नाही, कारण काँक्रीटच्या छिद्रांत शिरलेला रंग ब्रशने चोळला की उलट चमकू लागतो. तिथे ग्राइंडरला हिऱ्याच्या दाण्यांची वाटीसारखी चकती लावून वरची पातळ साय काढावी लागते. छिद्रांची तोंडं मोकळी झाली पाहिजेत आणि हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा जाणवला पाहिजे. गुळगुळीत घोटलेलं काँक्रीट, त्यावर रंगाचा ठिपकाही नसला तरी, लेपाला धरायला जागा देत नाही. जिथे गिलावा पोकळ वाजला होता तिथे तो छिन्नीने पूर्ण पाडायचा, अर्धवट ठेवायचा नाही. भिंत विटांची असेल तर विटा उघड्या करून सांधे १ सेंटीमीटरपर्यंत कोरावेत आणि नव्याने सिमेंटचा गिलावा करावा. विटेत सिमेंटसारखा मोकळा चुना नसतो, त्यामुळे काँक्रीटच्या आत शिरून स्फटिकांनी छिद्रं बुजवणारी रसायनं थेट विटेवर काम करत नाहीत.

इथे जिवाची काळजी आधी. काँक्रीट घासल्यावर उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती बारीक धूळ फुप्फुसात कायमची बसते आणि तिच्यामुळे होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. बालाघाटकरांना हे समजावून सांगायची गरज पडू नये. भरवेलीची मँगनीजची खाण शहराला लागूनच आहे, आणि खडकात भोक पाडताना पाणी सोडून धूळ बसवण्याची पद्धत खाणीच्या कामात मुरलेली आहे. तळघरातही तेच करावं: भिंत ओली ठेवून घासावं, धूळ ओढणारं यंत्र जोडावं, आणि तोंडाला रुमाल न बांधता नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. ओल्या जागी विजेचं यंत्र चालवताना गळती तोडणारा स्विच हवाच.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा ९० भाग प्रति दशलक्ष अशी ठरली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, आणि ब्लो लॅम्पने जाळायचा तर अजिबात नाही. खरवडलेला कचरा प्लॅस्टिकवर गोळा करून पिशवीत बांधायचा. झाडूने उडवत वर आणायचा नाही, आणि काम चालू असताना लहान मुलांना तळघरात फिरकू द्यायचं नाही.

रंग काढणारी रासायनिक द्रव्यं दुकानात मिळतात आणि ती मेहनत वाचवतात. तळघरात मात्र मी ती वापरू देणार नाही. त्यांतल्या अनेकांत मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर निघून न जाता खोलगट जागेत साचते आणि माणसाला शुद्ध हरपेपर्यंत कळतही नाही. अशा मृत्यूंनंतर अमेरिकेने २०१९ मध्ये ते असलेली रंग काढणारी द्रव्यं घरगुती ग्राहकांना विकायला बंदी घातली. थिनरची वाफही खालीच बसते आणि ग्राइंडरची एक ठिणगी तिला पुरते. शिवाय ही द्रव्यं काँक्रीटच्या छिद्रांत तेलकट अंश सोडून जातात आणि पुढच्या लेपाची पकड पुन्हा बिघडते. ऍसिडचंही तेच. ऍसिडने भिंत धुतली की रंग जातो असा समज आहे, पण ऍसिड सिमेंट खातं, रंगाच्या थराला ते फारसं काही करत नाही. उघड्या काँक्रीटवरचा लोणा काढायला पातळ ऍसिड वापरलं, तर नंतर भरपूर पाण्याने धुणं आलं, आणि बंद तळघरात त्याचा धूर सोसणंही. शक्य तिथे कोरडा ब्रश आणि स्वच्छ पाणी यांवरच भागवावं. पेट्रोलवर चालणारं जनरेटर किंवा पंप तर कधीही खाली उतरवू नये.

भिंत उघडी झाली की तिचं खरं रूप दिसतं, आणि इतकी वर्षं रंगाने झाकलेले दोष समोर येतात. काँक्रीट ओतताना नीट न दाबल्यामुळे खडी उघडी पडलेले मधमाशांच्या पोळ्यासारखे भाग, फळ्या धरायला ठेवलेल्या सळ्यांची भोकं, काल थांबलेलं आणि आज सुरू झालेलं काँक्रीट जिथे जुळलं ती आडवी रेघ, आणि सगळ्यांत दगाबाज म्हणजे भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा. पाणी भिंतीच्या मध्यभागातून क्वचितच येतं. बहुतेकदा ते या जागांतूनच येतं. भेग नुसती वरून बुजवायची नाही. ती साधारण २० ते २५ मिलीमीटर रुंद आणि तितकीच खोल चौकोनी खाच करून उघडायची. तोंडाशी रुंद आणि आत निमुळती खाच केली तर भरलेला माल मागच्या दाबाने बाहेर येतो. खाच धुऊन तिच्यात न आकसणारा सिमेंटचा माल ठोकून भरायचा. पाणी वाहतं असेल तर काही मिनिटांत घट्ट होणारं प्लग सिमेंट हातात धरून, ते गरम होऊ लागलं की दाबून बसवायचं. जोराचा पाझर असेल तर सगळ्यात खालच्या जागी एक नळी बसवून पाण्याला तेवढीच वाट मोकळी ठेवायची, बाकी सगळं बंद करायचं आणि नळी शेवटी मिटवायची. कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा करायचा, म्हणजे लेप काटकोनात न मोडता सलग वळतो. कुठे गंजलेली सळई उघडी पडली, तर हे काम पेंटरचं राहत नाही. आधी अभियंत्याला बोलवा.

यानंतर धुणं. ग्राइंडरची पांढरी पीठ-धूळ छिद्रांत बसून राहते आणि तिच्यावर दिलेला लेप धुळीलाच चिकटतो. वरून खाली पाणी मारत, ब्रशने घासत, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. साबण वापरायचा नाही. मग पुन्हा तीच थेंबाची परीक्षा, भिंतीच्या दहा-बारा जागी. थेंब पसरून मुरला आणि जागा गडद झाली तर भिंत तयार आहे. कुठेही थेंब मोत्यासारखा थांबला तर तिथे रंग किंवा तेल अजून आहे, तेवढा भाग पुन्हा घासायचा.

सिमेंटच्या लेपासाठी भिंत कोरडी चालत नाही, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं. कोरडं काँक्रीट लेपातलं पाणी शोषून घेतं आणि लेप कच्चा राहतो. म्हणून आदल्या दिवशीपासून भिंत भिजवायची, आणि लावायच्या वेळी ती आतून ओली पण वरून पाण्याची चमक नसलेली हवी. हाताचा तळवा ठेवला तर गार लागावा, पाणी निथळू नये. स्फटिक तयार करणाऱ्या रसायनांना तर ही ओल हवीच. डेन्मार्कमध्ये १९४० च्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीत रसायन पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरतं, आतल्या चुन्याशी क्रिया करतं आणि न विरघळणारे स्फटिक छिद्रं बुजवतात. भिंतीत पाणी नसेल तर ते आत जाणार कशातून? आणि वर रंगाचा पापुद्रा असेल तर पाणी असूनही जाणार कसं? इपॉक्सीसारख्या लेपांचं मात्र उलट असतं, त्यांना बहुधा कोरडी भिंत लागते. कोणता माल घ्यायचा ते ठरल्याशिवाय भिंत भिजवायची की वाळवायची हे ठरत नाही, म्हणून माल निवडताना त्याचं सूचनापत्रक आधी वाचावं.

आपल्या भागातल्या हंगामाचा फायदा घ्यायला हवा. ऑगस्टमध्ये काम करू नका, पण ऑगस्टमध्ये पाहून ठेवा. ओल किती उंचीपर्यंत चढली त्या रेषेवर पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहा, पाझराच्या जागांचे फोटो काढा. प्रत्यक्ष काम मार्च ते मे या दिवसांत करावं, कारण तेव्हा मुरमातलं पाणी खाली गेलेलं असतं आणि मागचा रेटा कमी असतो. फोटो नसतील तर मे महिन्यातल्या कोरड्या भिंतीवर पाझर कुठे होता हे कोणालाच आठवत नाही. मात्र उन्हाळ्यात लेप लवकर सुकतो, म्हणून दोन-तीन दिवस बारीक फवाऱ्याने तो ओला ठेवावा लागतो.

कामाचा सौदा कसा करावा, हेही तयारीचाच भाग आहे. आपल्याकडे दर ठरतो चौरस फुटावर आणि कोटच्या संख्येवर. खरवडणं त्यात धरलेलं असतं असं म्हणतात, म्हणजेच ते कोणी मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही ते उरकलं जातं. अंदाजपत्रकात खरवडणं, पोकळ गिलावा पाडणं, भेगा आणि कोपरे, धुणं, आणि लेप या वेगवेगळ्या ओळी लिहून घ्याव्यात. उघडी भिंत थेंबाने तपासून पाहिल्यावरच पहिला हप्ता द्यावा आणि त्यानंतरच डबा उघडू द्यावा. मिस्त्रीवर अविश्वास दाखवणं हा यामागचा हेतू नाही. चार दिवस धुळीत उभं राहून केलेल्या मेहनतीचे पैसे त्याला मिळाले, तर तोही ती नीट करतो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३०६७ हे १९८८ चं मानक ओल आणि पाणी रोखण्याच्या कामाच्या पूर्वतयारीसाठीच लिहिलेलं आहे. तयारी हे वेगळं, मोजण्याजोगं काम आहे हे त्यावरूनही दिसतं.

हे सगळं काँक्रीट आणि सिमेंटच्या भिंतींबद्दल. दगड आणि चुन्यात बांधलेली जुनी तळघरं, वाड्यांच्या बळदा यांना हा नियम लावू नये. अशा भिंती ओल घेतात आणि सोडतात, त्यावरच त्या टिकून असतात. त्यांच्यावर आतून बंद लेप दिला तर पाणी भिंतीत वर चढतं आणि चुना आतून भुसभुशीत होतो. अजिंठ्याची गोष्ट या संदर्भात आठवते. निजाम सरकारने बोलावलेल्या सेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी १९२० नंतरच्या दोन वर्षांत तिथली चित्रं वाचवण्यासाठी त्यांवर लाखेचं वार्निश लावलं. हेतू चांगला होता. पण ते वार्निश काळवंडलं, आकसलं, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते कणाकणाने काढत बसावं लागलं. चुन्याच्या भिंतीवर रंग असेल तर तो जरूर काढावा, पण मग तिला चुनाच लावावा आणि बाहेरचं पाणी दूर न्यावं.

काँक्रीटच्या तळघरात लेप पक्का झाल्यावर त्यावर पुन्हा ऑइल पेंट लावायची हौस आवरायला हवी. रंग हवाच असेल तर सिमेंट पेंट किंवा वाफ आरपार जाऊ देणारा रंग द्यावा, तोही एक पावसाळा पाहून. त्या पावसाळ्यात मागच्या वर्षीचे फोटो घेऊन खाली उतरावं आणि प्रत्येक जुनी जागा तपासावी. एखाददुसऱ्या ठिकाणी डाग दिसला तर तेवढाच भाग उघडून दुरुस्त करता येतो, पूर्ण भिंत पुन्हा करावी लागत नाही. भिंतीत खिळे आणि स्क्रू मारू नयेत, कारण प्रत्येक खिळा लेपाला एक भोक पाडतो. रॅक जमिनीवर उभे राहणारे घ्यावेत आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावेत, म्हणजे पोत्यांमागे हवा खेळते आणि टॉर्च मारून भिंत पाहताही येते.